क्रुस्तासे ए कोकियाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या फ्रेंच चित्रपटाबद्दल वाचक पुन्हापुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. प्रश्न १० आणि ११ मध्ये शेवट उघड केला आहे. चित्रपट पाहायचा असेल तर तेवढे गाळून वाचा.

१. हा नेमका कोणता चित्रपट? कुणाचा, कधीचा?

ऑलिव्हिए द्युकास्तेल आणि झाक मार्तिनो या जोडीने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००५ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाच्या पॅनोरामा विभागात तो दाखवला गेला आणि मार्चअखेर फ्रान्समध्ये लागला. लांबी सुमारे दीड तास. आईच्या भूमिकेत व्हालेरिया ब्रुनी-तेदेस्की, वडील जिल्बेर मेल्की, मुलगा शार्ली म्हणजे रोमँ तोरेस आणि त्याचा मित्र मार्तँ म्हणजे एदुआर कोलँ. प्लंबरच्या कामात झाँ-मार्क बार आहे. १९८८ च्या एका गाजलेल्या फ्रेंच चित्रपटात खोल समुद्रात सूर मारणारा पाणबुड्या म्हणून तो प्रसिद्ध झाला होता, तोच हा. इथे त्याच्या हाती पाण्याचे नळ दिलेत, ही निवड गमतीची आहे.

२. नावाचा अर्थ काय? आणि इंग्रजीत दोन वेगवेगळी नावं का दिसतात?

‘क्रुस्तासे’ म्हणजे खेकडे, कोळंबी, शेवंड असे कवचवाले जीव. ‘कोकियाज’ म्हणजे शिंपल्यातले, म्हणजे आपल्या तिसऱ्या, कालवं, शिणाणे. मालवणी थाटात सांगायचं तर ‘कुर्ल्या आणि तिसऱ्या’. फ्रेंच माणसाला हे दोन शब्द एकत्र ऐकले की अभिनेत्री ब्रिजित बार्दोचं १९६३ मधलं ‘ला माद्राग’ हे गाणं आठवतं. उन्हाळा संपून ओस पडलेल्या किनाऱ्याचं ते गाणं आहे आणि त्यात हेच शब्द उलट क्रमाने येतात. म्हणजे नाव ऐकताक्षणीच तिथल्या प्रेक्षकाला सुट्टी, ऊन आणि थोडी हुरहुर असं सगळं एकदम मिळतं. आपल्याला ते मिळत नाही.

ब्रिटनमध्ये लावलेलं नाव ‘कॉकल्स अँड मसल्स’. इंग्रजीत शिणाण्यांना आणि स्नायूंना म्हणायचे शब्द कानाला सारखेच लागतात, त्यावरची ही कोटी. अमेरिकेत तोच चित्रपट ‘कोत द’अझ्यूर’ म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनारपट्टीच्या नावाने आला. डिस्क शोधताना तिन्ही नावांनी शोधा, नाहीतर ‘मिळतच नाही’ असं वाटून बसाल.

३. शेवट न फोडता गोष्ट सांगा ना.

मार्क आणि बेआत्रिक्स हे मध्यमवयीन जोडपं मुलांना घेऊन उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठच्या घरी येतं. मार्कचं तरुणपण या गावाशी जोडलेलं आहे. मुलगी लोरा आल्याआल्या मित्राच्या मोटरसायकलवर बसून निघून जाते. मुलगा शार्ली मागे राहतो आणि त्याचा जिवाभावाचा मित्र मार्तँ मुक्कामाला येतो. मार्तँला मुलगे आवडतात, त्यातही शार्ली आवडतो. शार्लीला मुली आवडतात. दोघांना एकत्र पाहून आई ठरवूनच टाकते की आपला मुलगा गे आहे आणि हा त्याचा प्रियकर. ती खूश, बाप अस्वस्थ. तेवढ्यात आईचा गुप्त प्रियकर मात्यू गावात येऊन थडकतो आणि दिदिए नावाचा प्लंबर बापाचा भूतकाळ घेऊन दारात उभा राहतो.

४. मी तर वाचलं होतं की शार्ली गे आहे. मग एकतर्फी प्रेम कुणाचं?

मार्तँचं. अनेक ठिकाणच्या त्रोटक माहितीत ‘किशोरवयीन मुलगा आणि त्याचा प्रियकर’ असं छापलेलं सापडतं. आईचा गैरसमज लिहिणाऱ्याने सत्य म्हणून उचलला की हे होतं. चित्रपटभर तीन समजुती शेजारी शेजारी चालतात. आईला वाटतं दोघांचं जमलंय. बापाला वाटतं ही बाब बोलायचीच नाही. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्या दोघांना मात्र पक्कं ठाऊक आहे की यातलं काहीच नाही. एकतर्फी प्रेमाच्या गोष्टीत साधारणपणे दुसरा माणूस अंधारात असतो. इथे दोघं उजेडात आहेत आणि बाकीचं घर अंधारात. चित्रपटाची सगळी गंमत या उलट्या मांडणीत आहे.

५. मग शार्ली आईला सरळ ‘नाही’ का म्हणत नाही?

एक तर वयाचा हट्ट: मी कोण हे आईने का ठरवायचं आणि मी का खुलासा द्यायचा? दुसरं, नकार देण्यात एक छोटा अपमान दडलेला असतो, आणि तो होणार मार्तँचा. जेवणाच्या टेबलावर ‘छे, मी तसला नाही’ असं म्हणणं म्हणजे शेजारी बसलेल्या मित्राला ‘तसला’ ठरवणं. शार्ली गप्प राहतो याचा निम्मा भाग टिवल्याबावल्या आहे आणि निम्मा इमान. मात्र या गप्प राहण्याची किंमत मार्तँला पडते. घरातले लोक त्याला त्याच नात्यात बघतात जे त्याला हवंय आणि मिळणार नाही. दोघांत खटका उडतो तो यामुळेच. भांडणाच्या प्रसंगात कोण बरोबर असं आम्हाला विचारलं जातं. आमचं मत मार्तँच्या बाजूने पडतं.

६. सबटायटलमध्ये सरळ ‘मित्र’ लिहिलंय. मग आईचा गैरसमज होतोच कसा?

याचं मूळ फ्रेंच भाषेत आहे. ‘कोपँ’ हा शब्द दोस्तालाही लागतो आणि प्रियकरालाही. फरक बहुतेक वेळा आधीच्या छोट्या शब्दावर तोललेला असतो. ‘अँ कोपँ’ म्हटलं की ‘एक दोस्त’. ‘माँ कोपँ’ म्हटलं, म्हणजे ‘माझा’ लावला, की समोरचा बहुधा ‘हिचा बॉयफ्रेंड’ असं समजतो. म्हणून नुसती मैत्री सांगायची असेल तर लोक मुद्दाम वळसा घेऊन ‘माझ्या दोस्तांपैकी एक’ असं म्हणतात. ‘आमी’ म्हणजे मित्र, या शब्दाचंही थोडंफार असंच. हे बारकावे मुलीने मुलाबद्दल बोलताना फ्रेंच कान लगेच टिपतो. मुलगा मुलाबद्दल बोलत असेल तर ऐकणारा आपल्या मनातलं त्यात घालतो.

मराठीतही हा झोल आहेच. ‘ती आणि तिचा मित्र आले होते’ यातला ‘मित्र’ किती जड आहे हे सांगणाऱ्याच्या भुवयांवरून कळतं. पण दोन मुलगे असतील तर मराठी ‘मित्र’ शंभर टक्के निरागस ऐकू येतो आणि विनोद तिथेच विझतो. उपाय प्रश्न १३ मध्ये.

७. आई एवढी सहज का घेते आणि बाप का नाही?

आईचं मोकळेपण हाही चित्रपटात विनोदाचाच विषय आहे, हे निसटू देऊ नका. तिला मुलगा समजून घ्यायचाय, पण त्याला विचारायचं नाही. आपण किती पुढारलेल्या आहोत यातच ती रमलेली असते. वाईट वागणाऱ्या पालकांवर बेतलेले चित्रपट रग्गड आहेत. चांगुलपणाने मुलाला घुसमटवणारी आई पडद्यावर क्वचित दिसते.

बापाचं कारण वेगळं आहे आणि ते प्रश्न १० मध्ये येतं. काळही लक्षात घ्या. फ्रान्समध्ये ‘पाक्स’ हा नोंदणीकृत सहजीवनाचा करार नोव्हेंबर १९९९ च्या कायद्याने आला. समलिंगी जोडप्यांनाही तो खुला होता, पण तो विवाह नव्हता. ५ जून २००४ रोजी बोर्दोजवळच्या बेग्ल गावचे महापौर नोएल मामेर यांनी दोन पुरुषांचं लग्न लावलं. काही आठवड्यांत न्यायालयाने ते रद्द केलं. विवाहाचा हक्क मिळायला मे २०१३ उजाडलं. हा चित्रपट या मधल्या काळातला. वर्तमानपत्रांत वाद रंगात होता आणि घरोघरी लोक आपण कोणत्या बाजूचे हे जेवताना तपासून पाहत होते. बेआत्रिक्स आणि मार्क तेच करतात. आपल्याकडे त्या वेळी कलम ३७७ जसंच्या तसं लागू होतं. प्रौढांमधले संमतीचे संबंध त्यातून बाहेर निघाले ते ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने.

८. बोलता बोलता मध्येच गाणी कशी सुरू होतात? फ्रेंच चित्रपटांत तर असं नसतं.

असतं, पण त्याचं एक ठरावीक घराणं आहे. झाक देमी या दिग्दर्शकाने १९६४ मध्ये एक अख्खा चित्रपट गाऊन केला. त्यात पेट्रोल भरायला आलेला माणूससुद्धा चालीत बोलतो. द्युकास्तेल आणि मार्तिनो स्वतःला त्याच वळणाचे मानतात. त्यांचा १९९८ चा पहिला चित्रपट एड्सच्या काळातली प्रेमकथा होता, गाण्यांनी भरलेला, आणि त्याचा नायक होता मात्यू देमी, म्हणजे देमींचाच मुलगा. आता इथे गाणी मोजकीच आहेत. नट गायक नाहीत, नाच घरच्या लग्नातल्यासारखा आहे, आणि तो तसाच ठेवला आहे. हिंदी-मराठी चित्रपटांवर वाढलेल्या प्रेक्षकाला याचा धक्का बसण्याचं कारण नाही. उलट हाच एक प्रेक्षक आहे ज्याला गाणं आल्यावर ‘का’ असा प्रश्न पडायला नको.

९. गरम पाणी संपण्यावर सगळे एवढे का हसतात?

दक्षिण फ्रान्समधल्या सुट्टीच्या घरांत बहुतेक वेळा विजेवरची मोठी साठवण टाकी असते, शंभर-दोनशे लिटरची. स्वस्त दराच्या वेळी, म्हणजे मुख्यतः रात्री, ती तापते आणि दिवसभर पुरवावी लागते. शॉवरला मिनिटाला दहा लिटर धरले तर एकाने वीस मिनिटं काढली की पुढच्यासाठी गार धार. आपल्या बाथरूममधला पंधरा लिटरचा गीझर अर्ध्या तासात पुन्हा तयार होतो, म्हणून हा ताण आपल्याला कळत नाही. त्यात भर म्हणजे या घरातलं प्रत्येक माणूस एकांतासाठी न्हाणीघराचाच आसरा घेतं. ज्याला कुणाला काही लपवायचंय तो शॉवरखाली. म्हणून पाणी संपतं, म्हणून प्लंबर येतो, म्हणून जुनं प्रकरण उघडं पडतं. फार्समध्ये जे काम दारं करतात ते इथे नळाने केलंय.

एक जोडप्रश्नही येतो: जेवणात ते ‘व्हिओले’ म्हणून काय खातात? दगडासारखा दिसणारा, चिवट सालीचा समुद्री जीव. सुरीने मधोमध चिरायचा, आतला पिवळा गर कच्चाच खायचा. चव कडवट, आयोडीनची. मार्सेयकडे आवडीने खातात आणि तो कामोत्तेजक असल्याची समजूत आहे, जिचा चित्रपट फायदा उठवतो. गंमत अशी की प्राणिशास्त्राच्या हिशेबाने व्हिओले ना क्रुस्तासे ना कोकियाज. तो पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या जास्त जवळचा. कुठल्याच खान्यात न बसणारं पात्र टेबलावरही आहे.

१०. (शेवट उघड होतो) मार्तँला शार्ली मिळतो का?

नाही. चित्रपटाचा सगळ्यात प्रामाणिक निर्णय हाच आहे. शार्ली अचानक बदलत नाही, ‘एकदा तरी’ म्हणून दयेपोटी जवळ येत नाही, आणि मार्तँही झुरत कोपऱ्यात जात नाही. मैत्री टिकते.

ज्याच्या बाबतीत आईने शोध लावायला हवा होता तो माणूस तिच्या पलंगावर झोपत होता. मार्क आणि दिदिए तरुणपणी एकमेकांच्या प्रेमात होते. मुलाबद्दलची बापाची चिडचिड म्हणजे ओळखीची भीती होती. नवरा-बायको दोघांनाही आपापलं माणूस मिळतं आणि सगळे मिळून गाण्यात नाचतात.

११. हे सगळं जरा जास्तच सोपं नाही का? लग्न मोडतंय आणि लोक नाचतायत.

हा आक्षेप रास्त आहे. मार्कने इतकी वर्षं लपवलं त्याचा बेआत्रिक्सला राग यायला हवा, आणि त्या रागाला चित्रपट दोन-चार मिनिटांवर जागा देत नाही. मात्यूचं पात्र तर प्रियकर या एका कामापलीकडे जात नाही. पण मार्तँ-शार्लीच्या धाग्यात ही घाई नाही. तिथे रुसवा, अबोला, पुन्हा एकत्र पोहायला जाणं याला पुरेसा वेळ दिलाय. मोठ्यांच्या गोष्टीला फार्सचे नियम लावा आणि मुलांच्या गोष्टीला साध्या माणसांचे. मग तक्रार बरीच कमी होते.

१२. घरच्यांबरोबर बघता येईल? आणि प्रत कुठली घ्यावी?

प्रौढांनी बघायचा आहे. हिंसा अजिबात नाही, पण नग्नता आहे आणि शारीरिक संबंधांबद्दल मोकळं बोलणं आहे. आई-वडिलांबरोबर बघणार असाल तर पहिल्या वीस मिनिटांतच रिमोट शोधायची वेळ येऊ शकते.

डिस्कचं गणित असं. डीव्हीडीला फ्रान्स विभाग २, अमेरिका विभाग १, भारत विभाग ५. संगणकाच्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा साधारण पाच वेळाच असते, नंतर तो कायमचा अडकतो. आधी मोजून बघा. युरोपीय प्रत पॅल या टीव्ही-पद्धतीची असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) आणि पॅल २५ चा, म्हणून सगळं ४ टक्के वेगाने पळतं. एका तासाचा भाग ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. वेगवेगळ्या ठिकाणी लांबीत तीन-चार मिनिटांचा फरक दिसला की ‘कापलेली प्रत’ असं म्हणण्याआधी हा भागाकार करा. आवाजाची दुरुस्ती केली नसेल तर सूरही अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी, पण जाणवण्याइतका चढतो. बोलण्यात कळत नाही, गाण्यांत कळतं.

खेळ लावायचा असेल, मंडळात का असेना, तर घरगुती डिस्क चालत नाही. सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क वितरकाकडून लेखी घ्यावा लागतो, आणि भारतात त्यावर प्रमाणपत्र किंवा महोत्सवासाठीची सूटही लागते. मुंबईत २०१० पासून होणारा कशिश हा एलजीबीटी चित्रपटांचा महोत्सव आणि पुण्या-मुंबईतली आलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच भाषा-संस्कृतीची केंद्रं यांचे कार्यक्रम नजरेखाली ठेवलेत तर या जातीचे फ्रेंच चित्रपट रीतसर पाहायला मिळतात.

१३. मराठी सबटायटल करतोय. काय चुकतं?

सगळ्यात आधी वेळ. पॅल प्रतीसाठी केलेली फाइल २४ चौकटींच्या प्रतीवर लावली तर ओळी दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंद पुढे धावतात. चित्रपट संपेपर्यंत साडेतीन मिनिटांचा घोटाळा होतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ कळा दाबून अख्खी फाइल मागेपुढे सरकते, पण वाढत जाणारी घसरण त्याने जात नाही. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम दर २५ वरून २३.९७६ (२४ च्या प्रतीचा नेमका दर बहुधा हाच) करा, मग सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य तपासा. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

ओळी दोनच ठेवा आणि प्रत्येकी चाळीसएक अक्षरांच्या आत. गाण्यांत यमक जुळवायच्या नादात अर्थ सोडू नका.

आता शब्द. प्रश्न ६ मधल्या ‘कोपँ’साठी सरसकट ‘मित्र’ नको. शार्लीच्या तोंडी ‘माझा दोस्त’ चालतो. आई तोच शब्द उचलते तिथे ‘तुझा… मित्र’ असा मध्ये थांबा दिला की गैरसमज ऐकू येतो. ‘त्यु’ आणि ‘व्हू’ म्हणजे आपलं तू-तुम्ही असं समजून डोळे मिटून बदलू नका. प्रत्येक जोडीचा तक्ता करा: कोण कुणाला कोणत्या प्रसंगी काय म्हणतो. ‘व्हू’वरून ‘त्यु’वर येणं हा तिथे जवळीक वाढल्याचा ठळक क्षण असतो, तो चुकला तर प्रसंग चुकला. मार्तँच्या तोंडी ‘काकू’ घालायचा मोह आवरा. फ्रेंच मुलगा मित्राच्या आईला नावाने हाक मारू शकतो.

आणि फ्रेंचमधल्या शिवीवजा शब्दांसाठी ‘हिजडा’ वापरणं ही सर्रास होणारी चूक. तो वेगळ्या समाजाचा, वेगळ्या ओळखीचा शब्द आहे. मार्तँ पुरुष आहे आणि त्याला पुरुष आवडतात. ‘गे’ हा शब्द मराठीत आता रुळलाय, तोच ठेवा. बाप चिडून बोलतो तिथे ‘तसला’ पुरतो, आणि जास्त बोचतो.